उधारी वहीतून काढताना

मार्च लागला की भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये खाली पत्रा कापणं, दाबणं, घासणं नेहमीसारखं चालू राहतं आणि पोटमाळ्यावरच्या केबिनमध्ये मालक नि अकाउंटंट येण्याची यादी घेऊन बसतात. यादीतली वरची नावं जिवंत असतात. आज ना उद्या पैसे येणार, फार तर दोन फोन जास्त करावे लागणार. खालची नावं मात्र वर्षानुवर्षं तीच. एकाने वसईचा गाळा सोडला, एकाचा फोन लागत नाही, एकाचा मुलगा म्हणतो, “पप्पांचा धंदा बंद झाला, मला काही माहीत नाही.” अकाउंटंट विचारतो, “शेठ, यांचं काय करायचं?” आणि शेठ म्हणतात, “राहू दे, पुढच्या वर्षी बघू.”

हे ‘पुढच्या वर्षी बघू’ महाग पडतं. या वर्षी ती नावं बघायचीच असं ठरवलं, तर काय नि कशा क्रमाने करायचं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आपल्या मीरा-भाईंदरमधला बहुतेक धंदा उधारीवर चालतो. स्टीलच्या भांड्यांचे कारखानदार तीस, साठ, नव्वद दिवसांवर माल देतात. त्यांना जॉबवर्क करून देणारे पॉलिशवाले त्यांच्यावर अवलंबून असतात. मीरा रोडला इमारती उभ्या राहत गेल्या तसे हार्डवेअर, टाइल्स, प्लंबिंगचे दुकानदार कंत्राटदारांना माल देत गेले, आणि कंत्राटदाराचे पैसे बिल्डरकडे अडकले की त्याचा दणका थेट दुकानापर्यंत आला. उधारी बुडणं ही या धंद्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. ती वहीत तशीच कुजत ठेवणं हा मात्र निव्वळ आळस आहे.

माफी नव्हे, नोंद

सगळ्यात मोठा गैरसमज पहिल्यांदा काढू. ‘राइट ऑफ केलं म्हणजे पैसे सोडले, आता मागताही येणार नाहीत’ असं कित्येक व्यापारी मनापासून मानतात. तसं नाही. येणं बुडीत खाती टाकणं ही तुमच्या आणि तुमच्या वहीमधली गोष्ट आहे. ग्राहकाला त्यातलं काही कळवायचं नसतं. त्याचं देणं कायद्याने जसंच्या तसं राहतं. दावा चालू असेल तर तो चालू राहतो, चेक बाउन्सची केस असेल तर तीही चालू राहते. तुम्ही फक्त एवढंच म्हणता की, ‘हे पैसे येतील असं धरून मी आता माझा हिशेब मांडणार नाही.’

कर्ज माफ करणं हा निराळा प्रकार आहे. “जाऊ दे, तुझी बाकी सोडली” असं तुम्ही ग्राहकाला लेखी दिलंत, तर तुमचा मागण्याचा हक्क गेला. शिवाय त्याने तो माल आपल्या हिशेबात खर्च म्हणून दाखवलेला असल्यामुळे, माफ झालेली रक्कम आयकरात त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून नोंद घालताना भावनेच्या भरात पत्रं, मेसेज धाडू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकरा वाजता लिहिलेलं ‘विसरून जा भाई’ पुढे न्यायालयात तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाऊ शकतं.

आधी यादी साफ करा

येण्याच्या यादीत दिसणारी प्रत्येक जुनी बाकी बुडीत नसते. टॅलीत बिलवार येणी काढा आणि प्रत्येक नावापुढे विचारा: ही बाकी खरी आहे का?

जॉबवर्कवाल्यांच्या वहीत हमखास सापडणारी चूक म्हणजे टीडीएस. पार्टीने बिलातून एक किंवा दोन टक्के कापून सरकारात भरलेले असतात, पण आपल्याकडे पूर्ण बिलाची बाकी उभी असते. वर्षभरात अशा पाचशे-हजारांच्या शेपट्या जमतात आणि मार्चअखेर कुणीतरी त्या सगळ्या एका फटक्यात बुडीत दाखवतो. हा दुहेरी तोटा आहे, कारण तो पैसा बुडालेला नाही, तुमच्या नावावर सरकारजमा आहे. फॉर्म २६एएस उघडा, कपात जुळवा आणि ती रक्कम टीडीएस खात्याला न्या.

मग भावातला फरक. तुम्ही बिल एका दराने फाडलं, पार्टीने दुसऱ्या दराने पैसे दिले, फोनवर ‘ठीक आहे’ म्हणून झालं, पण क्रेडिट नोट काही निघाली नाही. परत आलेला डागी माल, मोजणीत कमी भरलेले नग, चुकून दुसऱ्याच पार्टीच्या खात्यावर जमा झालेले पैसे, हेही त्याच यादीत लपलेले असतात. यांना बुडीत म्हणायचं नसतं. जिथे खरोखर माल परत आला किंवा जास्त कर लावला गेला, तिथे क्रेडिट नोट काढता येते आणि जीएसटीही परत मिळतो, मात्र ती पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाखवावी लागते. हिशेब चुकता करताना सुटलेले पाच-पन्नास रुपये कसर-वटाव खात्याला टाकले की काम झालं, त्यासाठी बुडीत खातं उघडत बसू नका.

ही झाडाझडती झाली की यादी बरीच आखूड होते. उरतं ते खरं दुखणं.

फाइल कशी दिसावी

एका गाळ्यातली एक फाइल मला आजही नमुना म्हणून दाखवावीशी वाटते. साधी कार्डबोर्डची, वर पार्टीचं नाव आणि जीएसटी क्रमांक. आत सगळ्यात खाली बिलं आणि सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं. त्यावर पार्टीचा तीन वर्षांचा खातेउतारा, शेवटच्या पानावर तिच्या मुनिमाची सही आणि ‘बाकी बरोबर’ असा शेरा. मग परत आलेला चेक, त्याला टाचलेला बँकेचा ‘फंड्स इनसफिशियंट’चा कागद. रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या नोटिशीची प्रत, आणि ‘पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा मारून टपालाने परत आणून दिलेला तो लिफाफा, न फोडलेला. सगळ्यात वर जीएसटी पोर्टलवरून काढलेलं एक पान: नोंदणी रद्द. त्या पानाच्या कोपऱ्यात मालकाने पेनाने तारीख घालून लिहिलं होतं, ‘वसुलीची आशा नाही. बुडीत खाती टाकावे.’ खाली सही.

या फाइलपुढे कुठलाही अधिकारी फार वेळ प्रश्न विचारत बसत नाही. शेवटची ती ओळ कायद्याने मागितलेली नाही, पण ती असली की निर्णय कोणी, केव्हा नि का घेतला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या. ‘माझ्या ओळखीची पार्टी होती म्हणून तू परस्पर काढलीस’ हे भांडण मी बुडालेल्या पैशापेक्षा महाग पडलेलं पाहिलं आहे.

जीएसटी पोर्टलवर कुणाचाही जीएसटी क्रमांक टाकून त्याची नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द, हे फुकटात बघता येतं. विवरणपत्रं भरली जातायत का तेही दिसतं. वसुलीला माणूस पाठवण्याआधी हे दोन मिनिटांत पाहून घ्या. माल देण्याआधी पाहिलंत तर आणखी उत्तम.

आयकर काय म्हणतो

इथे कायदा लहान व्यापाऱ्याच्या बाजूने आहे, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३६ मध्ये बुडीत कर्जाची वजावट होती. तिच्या जुन्या शब्दांप्रमाणे ते कर्ज खरोखर बुडालं हे व्यापाऱ्याला सिद्ध करावं लागे. १ एप्रिल १९८९ पासून शब्दरचना बदलली आणि वहीत बुडीत म्हणून नोंद घातली की पुरे, असं झालं. तरी अधिकारी पुरावे मागतच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली एका परदेशी बँकेच्या प्रकरणात व्यापाऱ्याला सोयीचाच अर्थ लावला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात वाद कायमचा मिटवला: कर्ज बुडालं हे सिद्ध करण्याची गरज नाही, हिशेबात ते बुडीत म्हणून काढलेलं असलं की झालं. प्रत्यक्ष कर मंडळानेही ३० मे २०१६ च्या परिपत्रकाने आपल्या अधिकाऱ्यांना या मुद्द्यावर अपिलं करू नका, केलेली मागे घ्या, असं सांगितलं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे आकडे बदलले आहेत, तत्त्व तेच आहे.

मग वर सांगितलेली फाइल कशाला? कारण ‘बुडालं हे सिद्ध करू नका’ याचा अर्थ ‘विक्री झाली होती हेही सिद्ध करू नका’ असा नाही. बिल खरं होतं, माल गेला होता, पार्टी खरी होती, हे दाखवावंच लागतं. शिवाय ज्या पार्टीला तुम्ही याच महिन्यात नवा माल देताय तिचीच जुनी बाकी बुडीत दाखवली, किंवा मेव्हण्याच्या फर्मकडची दाखवली, तर प्रश्न येणारच. यायलाच हवा.

वजावटीच्या अटी दोनच, पण त्या घट्ट आहेत. एक, ती रक्कम आधी कधीतरी तुमच्या उत्पन्नात धरलेली असली पाहिजे. दोन, ज्या वर्षाची वजावट हवी त्याच वर्षाच्या हिशेबात नोंद झालेली असली पाहिजे.

पहिल्या अटीत बरेच जण अडकतात. पत्र्याच्या व्यापाऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम घेऊन तो पळाला, तर ते बुडीत कर्ज नव्हे, कारण ते पैसे तुमच्या विक्रीत कधी आलेच नव्हते. धंद्यातला तोटा म्हणून ते मागता येऊ शकतात, पण रस्ता वेगळा आणि पुरावा जास्त. मित्राला हातउसने दिलेले पैसे तर धंद्याचे नव्हेतच. जो रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवतो, म्हणजे पैसे आले तरच उत्पन्न धरतो, त्याला विक्रीवरच्या बुडीताचा प्रश्नच येत नाही. आणि नुसती ‘संशयित कर्जासाठी तरतूद’ केली तर तिची वजावट मिळत नाही. बँकांना काही प्रमाणात ती सवलत आहे, आपल्यासारख्यांना नाही. बारावीच्या पुस्तपालनात शिकलेला तो संशयित बुडीत कर्ज निधी नफ्याचा अंदाज घ्यायला चांगला, कर वाचवायला निरुपयोगी.

आणखी एक, छोट्या दुकानदारांसाठी महत्त्वाचं. तुम्ही अनुमानित कराच्या योजनेत असाल, म्हणजे दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर (रोखीची आवक पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत) आठ किंवा सहा टक्के नफा धरून कर भरत असाल, तर बुडीत कर्जाची वेगळी वजावट मिळत नाही. सगळे खर्च त्या टक्केवारीत आलेच असं कायदा मानतो. ज्या वर्षी मोठी पार्टी बुडाली त्या वर्षी या योजनेत राहायचं की पूर्ण हिशेब दाखवायचा, याचा विचार सीएबरोबर बसून आधीच करा. योजनेतून एकदा बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, हेही त्या विचारात धरा.

जीएसटीचं दुःख

आता वाईट बातमी. बिल फाडलं की जीएसटी भरायचा, पैसे येवोत न येवोत. आणि पैसे बुडाले तर भरलेला जीएसटी परत मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याची बाकी सहा महिने थकली आणि ती वहीतून काढली, की भरलेला व्हॅट तो परत मागू शकतो. आपल्याकडे अशी तरतूद आणावी ही मागणी व्यापाऱ्यांनी लावून धरायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारच्या वतीने कर गोळा करायचा आणि ग्राहक पळाला तर तो कर पदरचा भरायचा, यात न्याय कुठे आहे?

पण मागणी वेगळी आणि चलाखी वेगळी. काही टॅली ऑपरेटर बुडीताची नोंद घालताना ‘आउटपुट जीएसटी’ खातं नावे टाकतात, किंवा पार्टीच्या नावे क्रेडिट नोट काढून कर कमी करतात. पैसे न येणं हे क्रेडिट नोटचं कारण कायद्यात नाही. माल परत आला, माल सदोष निघाला, कर किंवा किंमत जास्त लागली, तरच ती काढता येते. नाहीतर कर, व्याज आणि दंड, तिन्ही मागाहून येतात.

आयकरात या जीएसटीच्या रकमेचं काय? इथे थोडा वाद आहे. विक्री खात्यात फक्त मालाची किंमत जमा होते, कर वेगळ्या खात्यात, म्हणून ‘उत्पन्नात धरलेली रक्कम’ या अटीवर कराचा भाग अडतो असं एक मत. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली एका शेअर दलालाच्या प्रकरणात म्हटलं होतं की दलाली उत्पन्नात धरली होती, तर त्याच व्यवहारातली शेअर्सची थकलेली किंमतही बुडीत म्हणून मिळेल, कारण कर्जाचा एक भाग उत्पन्नात आला होता. तो तर्क इथे लावता येतो, आणि नाहीच मानला तर धंद्यातला तोटा म्हणून मागणी करता येते. सोपा उपाय एवढाच की दोन रकमा दोन खात्यांवर दाखवा, म्हणजे वाद झाला तरी तो लहान रकमेपुरताच राहील.

आकड्यात पाहू. समजा एक लाखाचा माल, त्यावर अठरा टक्के जीएसटी, बिल १,१८,०००. सगळं बुडालं. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर एक लाखाच्या वजावटीने उपकरासह ३१,२०० रुपये कर वाचतो. हातचे ८६,८०० मात्र गेलेच. अठरा हजारांचीही वजावट मान्य झाली तर आणखी ५,६१६ वाचतील. कर जाऊन दहा टक्के नफा उरणाऱ्याला हे भोक बुजवायला आठ-नऊ लाखांची नवी विक्री करावी लागते. म्हणून बुडीत खाती टाकणं हा नफ्याचा मार्ग नाही, नुकसानीचा थोडा भाग परत मिळवण्याचा आहे.

नोंद

टॅलीत एफ७ दाबून जर्नल व्हाउचर. बुडीत कर्जे खाते नावे १,००,०००. बुडालेला जीएसटी खाते नावे १८,०००. पार्टीच्या खाती जमा १,१८,०००. दोन्ही खाती अप्रत्यक्ष खर्चाच्या गटात. पार्टीचं खातं जमा करताना ‘अगेन्स्ट रेफरन्स’ निवडून तेच जुनं बिल पकडा, नाहीतर खात्याची बाकी शून्य आणि बिलवार यादीत मात्र ते बिल उभं, असा घोळ वर्षानुवर्षं राहतो. तपशिलात बिल क्रमांक, तारीख आणि कारण लिहा. ‘बॅड डेट’ एवढेच दोन शब्द पुरत नाहीत.

तारीख ३१ मार्चची किंवा त्याआधीची. हिशेब पुरे करून विवरणपत्र भरल्यावर आठवलं की ‘अरे, ते राहिलंच’, तर ते पुढच्या वर्षी. धंद्यात तोटा असेल त्या वर्षीही नोंद घालायला हरकत नाही. विवरणपत्र मुदतीत भरलं तर वाढलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो.

काढण्याआधीचे शेवटचे प्रयत्न

खरं तर हा भाग आधी यायला हवा होता, पण व्यापारी वहीपाशी आल्यावरच वसुलीचा विचार करतो, म्हणून इथे.

तीन वर्षं हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. उधारीची मुदत संपल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर तो मुदतबाह्य होतो. १० जून २०२३ ला तीस दिवसांच्या उधारीवर माल दिला असेल, तर जुलै २०२६ च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच वेळ. या काळात पार्टीने बाकी मान्य असल्याचं लेखी सहीनिशी दिलं, किंवा थोडे पैसे देऊन तसं लिहून दिलं, तर तीन वर्षं नव्याने मोजायला लागतात. म्हणून दर मार्चला खातेउताऱ्यावर सही घ्यायची सवय मोलाची. चांगल्या पार्टीकडूनही घ्या, म्हणजे वाईट पार्टीला ते अपमानासारखं वाटत नाही.

चेक परत आला असेल तर घड्याळ फार वेगाने चालतं. बँकेचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पार्टीला पंधरा दिवस, त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तुम्ही ज्या शाखेत खातं ठेवलंय त्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात तक्रार करता येते. पार्टी सुरतची असो की इंदूरची, खातं भाईंदरच्या बँकेत असेल तर तिला इकडे यावं लागतं. नुसती वकिलाची नोटीस गेल्यावर पैसे आले, असं मी बरेचदा पाहिलं आहे.

कारखानदार आणि जॉबवर्कवाल्यांकडे आणखी एक हत्यार आहे, उद्यम नोंदणी. ती फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाकली की ती सुलभीकरण परिषदेकडे जाते. आपल्या कोकण विभागाची परिषद ठाण्यात आहे. तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. पैसे अडकल्यावर केलेल्या नोंदणीने मागची बिलं वाचतील असं धरून चालू नका. नुसता खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही या संरक्षणाचा उपयोग होत नाही.

याच नियमाला २०२३ च्या अर्थ कायद्याने आयकराचा चिमटा जोडला. वरच्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. फेब्रुवारीत प्रत्येक थकलेल्या पार्टीला उद्यम क्रमांकासह दोन ओळींचं पत्र पाठवा. तुमच्यापेक्षा तिचा सीए तिला जास्त घाबरवेल.

जीएसटीतही असाच एक चिमटा आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. नोटिशीत ही ओळ जरूर घाला. दिवाळखोरी कायद्याची धमकी मात्र देऊ नका, मार्च २०२० पासून तिथे किमान थकबाकी एक कोटीची लागते, आणि पार्टीच्या वकिलाला ते माहीत असतं.

तडजोड करायची झाली तर लाखाचे सत्तर हजार आज घेणं हे बहुधा शहाणपणाचं. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहून घ्या, उरलेले तीस हजार त्याच दिवशी वहीतून काढा. पैसे बँकेतूनच घ्या. कुणी “कॅश घेऊन जा” म्हणालं तर लक्षात असू द्या, एका दिवसात एकाकडून किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड तुम्हाला लागतो, देणाऱ्याला नाही.

नंतर पैसे आलेच तर

येतात कधी कधी. बुडालेली पार्टी चार वर्षांनी मुलाच्या लग्नाआधी बाकी चुकती करायला आलेली आहे. तेव्हा पार्टीच्या खात्यावर जमा करून उलटा घोळ घालू नका. बँक नावे, ‘वसूल झालेली बुडीत कर्जे’ खाती जमा. पूर्वी वजावट घेतली होती, म्हणून ती रक्कम ज्या वर्षी आली त्या वर्षीचं उत्पन्न. जीएसटी पुन्हा भरायचा नाही, तो आधीच भरून झालाय. यासाठी वहीतून काढलेल्या नावांची एक साधी यादी वेगळी ठेवा. टॅलीतून नाव गेलं की माणूसही विसरला जातो, आणि नवीन अकाउंटंट त्याच पार्टीला परत उधारीवर माल सोडतो.

बरेच जण बँकेच्या भीतीने नोंद टाळतात: नफा कमी दिसला तर कॅश क्रेडिटची मर्यादा कमी होईल. पण बँका स्टॉक स्टेटमेंटमध्ये साधारणपणे ९० दिवसांवरची येणी धरतच नाहीत. तुमच्या यादीतली चार वर्षांची बाकी तिथे आधीच शून्य आहे. ती फक्त तुमच्या ताळेबंदात पैसा असल्यासारखी दिसते, आणि त्या न आलेल्या पैशावरचा कर तुम्ही खऱ्या पैशातून भरून बसलेला असता.

गृहनिर्माण संस्थांच्या चिटणिसांनी मात्र यातलं काही जसंच्या तसं उचलू नये. सहकारी संस्थेत थकबाकी बुडीत काढायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, नियम वेगळे.

या वर्षीची यादी फेब्रुवारीतच काढा. टीडीएस आणि भावफरक जुळवा, उरलेल्यांना नोटिसा पाठवा, ज्यांचा लिफाफा परत आला त्यांची फाइल करा आणि २० मार्चच्या आत सीएसमोर ठेवा. १ एप्रिलला घातलेली नोंद पुढच्या वर्षाची असते.